शेवट सोडून

ट्रॅफिक जॅमवर जिवापाड प्रेम करणारा माणूस मी जगात एकच पाहिला. शारजातल्या अल नहदाच्या टॉवरांतून रोज सकाळी दुबईकडे निघालेली माणसं इत्तिहाद रोडवर अडकली की स्टिअरिंगवर हात आपटतात, हॉर्न वाजवतात, बॉसला फोन करून नवनवी कारणं सांगतात. माझ्या शेजारच्या सीटवरच्या माणसाचा चेहरा मात्र पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले की उजळायचा. स्टीलच्या पेल्यातल्या कॉफीचा शेवटचा घोट घेऊन, पेला रुमालात गुंडाळून ते माझ्याकडे वळत आणि म्हणत, "सार, गाडी रुक गया. कहानी चालू."

हे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ आणि माझ्याच कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतले ड्राफ्ट्समन. इमारतींच्या छतांतून ए.सी.ची थंड हवा कुठून कुठं न्यायची, याची ड्रॉइंग्ज काढण्यात त्यांची हयात गेली. पण तो झाला पोटापाण्याचा भाग. खरे ते तमिळ कथाकार. तिकडच्या मासिकांत त्यांच्या कथा येत, पुस्तकं निघाली होती आणि दुबईच्या करामा भागातल्या ज्या खानावळीत ते डोसा खायला जात तिथला गल्ल्यावरचा माणूस त्यांना पाहून उठून उभा राही. आम्ही त्यांना 'सार' म्हणत असू, कारण ते सगळ्यांनाच 'सार' म्हणत. मला, वॉचमनला, आणि एकदा तर पार्किंगमध्ये वाट अडवून बसलेल्या मांजरालासुद्धा.

गाडी चालवायला ते कधीच शिकले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा म्हणाले, "ड्रायवर कहानी सुन सकता, बोल नहीं सकता. मेरे को बोलना है." आणि बोलायचं ते फक्त गाडी उभी असताना. चाकं हलली की सारांचं तोंड बंद. निम्मं लक्ष रस्त्यावर असलेला श्रोता त्यांना चालत नसे. त्यामुळे एखादा माणूस विहिरीच्या काठावर पाय टाकतो आहे, अशा ऐन वेळी समोरचा ट्रॅफिक सुटायचा आणि तो बिचारा दुसऱ्या दिवशीच्या जॅमपर्यंत एका पायावर उभा राहायचा. आयुष्यात पहिल्यांदाच मी ट्रॅफिक अडावा म्हणून देवाला साकडं घालू लागलो.

त्यांची लिहिण्याची रीतच तशी होती. गोष्ट आधी पूर्ण सांगायची, मगच कागदावर उतरवायची, आणि सांगायची ती तमिळ न येणाऱ्या माणसाला. मोडकी हिंदी, त्याहून मोडकं इंग्लिश आणि दोन्ही हात एवढ्या भांडवलावर. "तमिळ आदमी लँग्वेज सुनता है, वाह वाह बोलता है. स्टोरी कौन सुनता?" ते म्हणत. "आपको तमिळ नहीं आता. यू आर व्हेरी यूजफुल." माझ्या अज्ञानाचा एवढा गौरव आजवर कुणी केलेला नाही. श्रोता म्हणून माझं काम एकच होतं. ते थांबले की "अप्पुरम?" म्हणायचं, म्हणजे "मग पुढं?" हा एकच तमिळ शब्द त्यांनी मला शिकवला. मी आरशात पाहिलं, मोबाइलकडे हात नेला किंवा जांभई दिली, की तेवढा भाग कथेतून गेलाच म्हणून समजा. एका कथेत एक मामा होता. तो स्टेशनवर उतरला आणि मला शिंक आली. सार गंभीर झाले. "ये अंकल वेस्ट है," म्हणाले. मी परोपरीनं सांगितलं की ती धुळीची शिंक होती, मामा मला आवडला होता. उपयोग झाला नाही. कथा छापून आली तेव्हा त्यांच्या पत्नीकडून, म्हणजे आमच्या अक्कांकडून कळलं, की मामा नाही.

मानसन्मानाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. एकदा इथल्या तमिळ मंडळींनी हॉल घेऊन त्यांचा सत्कार केला, तर हे शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि व्यासपीठावरची माणसं सत्कारमूर्तीला शोधत राहिली. मिळालेली शाल त्यांनी ऑफिसात खुर्चीवर टाकली ती कायमची. ज्या थंड हवेची ड्रॉइंग्ज स्वतः काढली तिच्यातच शाल पांघरून, कुडकुडत पुढची ड्रॉइंग्ज काढत बसायचे.

पण सगळ्यात मोठा छळ होता तो वेगळाच. सार मला गोष्टीचा शेवट कधीही सांगत नसत. शेवटाच्या तोंडाशी आले की पेल्याची रुमालपुरचुंडी मांडीवर घेत आणि म्हणत, "खलास. एंडिंग तमिळ का है." इकडे संध्याकाळी घरी बायको वाट पाहत असायची, कारण सकाळची गोष्ट मी तिला रोज सांगत असे. तिला अर्धी गोष्ट कशी चालणार? मग मी आपल्या अकलेनं शेवट लावून देई, मध्ये थोडा मालमसालाही घालत असे. एका संक्रांतीला ती समोर तिळगूळ द्यायला गेली आणि अक्कांजवळ एका कथेच्या शेवटाची भरभरून स्तुती करून आली. अक्कांनी ती सारांना सांगितली. दुसऱ्या दिवशी जॅम चांगला लांबलचक होता, तरी सार पुढं बघून गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आपका एंडिंग बहुत खराब है." मग थोडं थांबून, "मिसेस रोया क्या?" रडली, मी म्हणालो. सारांनी खिडकीबाहेर पाहिलं. ते त्यांना खरोखर लागलं होतं.

मागच्या वर्षी त्यांनी एक गोष्ट सुरू केली. "ये लास्ट है," म्हणाले, "इसके बाद रिटायर, गाँव, खलास." ती फार सावकाश चालली होती. डोंगरांपलीकडच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानला बंदराजवळ एक तमिळ शिंपी आहे. दर ईदला एका म्हाताऱ्या अरबासाठी तो कंदुरा शिवतो, म्हणजे इथले पुरुष घालतात तो पांढरा पायघोळ झगा. म्हातारा स्वतः कधी येत नाही. त्याचा ड्रायव्हर येऊन मापं तोंडी सांगून जातो. दर वर्षी माप थोडं थोडं कमी होत जातं. शिंपी कापड बेततो आणि न पाहिलेल्या माणसाचं झिजणं त्याच्या कात्रीला कळत जातं. मग एका ईदला ड्रायव्हर येतो आणि पहिल्या वर्षीची मापं सांगतो. भरदार छाती, रुंद खांदे. शिंपी टेप हातात धरून त्याच्याकडे बघत राहतो. इथं ट्रॅफिक सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सार पार्किंगमध्ये आले नाहीत. पहाटेच त्यांना स्ट्रोक आला होता.

ते वाचले. वाचा हळूहळू परत आली, उजवा हात मात्र लुळाच राहिला, आणि मागचे कितीतरी महिने त्यांच्या डोक्यातून पुसून गेले. नोकरी संपली, गावी जाण्याची तिकिटं निघाली. एका संध्याकाळी अक्का आमच्या दारात उभ्या राहिल्या. "अण्णा," त्या म्हणाल्या, "वो दिनभर एक ही बात पूछते हैं. एक कहानी था, किधर गया? मेरे को तो लिखने के बाद ही पढ़ने देते हैं. आपको मालूम है?"

एका तमिळ लेखकाची शेवटची कथा त्या घडीला तमिळमध्ये कुठंच नव्हती. ती होती फक्त माझ्या डोक्यात, माझ्या मोडक्या हिंदीत. मी विसरलो असतो, तर ती गेली असती.

मी ती आधी बायकोला सांगून पाहिली. तिनं प्रत्येक वाक्य पारखून घेतलं. "शिंप्याच्या दुकानातलं मांजर तुझं आहे," ती म्हणाली. "सार मांजर घालणार नाहीत. काढ ते." मी काढलं. "आणि घरात बसवून नको सांगूस. त्यांना गाडीत घे."

शनिवारी आम्ही खोर फक्कानला निघालो. सार शेजारी, अक्का मागं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून. रस्ता मोकळा होता, डोंगरातले बोगदे मागं पडत होते आणि चालत्या गाडीत मी सारांना त्यांचीच गोष्ट सांगत होतो. ते अनोळखी माणसाची ऐकावी तशी ऐकत होते. मी थांबलो की जड जिभेनं म्हणायचे, "अप्पुरम?" सवयीनं एका ठिकाणी मांजर तोंडातून निसटलंच. सारांचा डावा हात लगेच वर झाला. "कॅट? मेरा नहीं." काही आठवत नव्हतं, पण आपलं काय नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मागं अक्का हसल्या. कित्येक आठवड्यांत मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं.

बंदराच्या क्रेन दिसू लागल्या तेव्हा ड्रायव्हर पहिल्या वर्षीची मापं सांगत होता. शिंपी टेप धरून उभा राहिला आणि मी गप्प झालो.

"अप्पुरम?" सार म्हणाले.

शेवट मी लावू शकलो असतो. तीन-चार तयारही होते. मी म्हणालो, "सार, मेरे पास इतना ही है."

त्यांनी समोर पाहिलं. मग हातानं खूण केली, "गाडी रोको." मी समुद्राकडे तोंड करून गाडी उभी केली, इंजिन बंद केलं. मला वाटलं, संपलं, ती गोष्ट गेली. मग सार मागं अक्कांकडे वळले आणि तमिळमध्ये बोलू लागले. आधी एकेक शब्द, मग वाक्यं. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते थांबले की मी तेवढं "अप्पुरम?" म्हणायचो आणि ते पुढं जायचे. शेवटी ते थांबले आणि मी "अप्पुरम?" म्हणालो तरी पुढं गेले नाहीत. मागं अक्का मोबाइल तसाच धरून रडत होत्या.

घरी पोचलो तर बायकोनं दारातच विचारलं, "मग? शेवट काय?"

"ऐकला," मी म्हणालो. "पहिल्यांदाच ऐकला."

"आणि?"

"मला नाही सांगता येणार." त्या दिवशी तिनं दुसरा शेवट मागितला नाही.

सार गावी जाऊन आता सात-आठ महिने झाले. फोनवर ते जेमतेम बोलतात. गाडीतलं रेकॉर्डिंग ऐकत त्यांनी ती गोष्ट तमिळमध्ये सांगितली आणि अक्कांनी लिहून घेतली. गेल्या आठवड्यात अक्कांनी तिच्या छापून आलेल्या पानांचे फोटो पाठवले. हल्ली ऑफिसातले एक तमिळ सहकारी माझ्या गाडीत असतात. इत्तिहाद रोडवर गाडी अडकली तेव्हा मी त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, "शेवट सोडून वाचून दाखवा." ते चमकले, पण थांबत थांबत हिंदीत सांगू लागले. शिंपी होता, ड्रायव्हर होता, कमी होत जाणारी मापं होती. आणि दुकानात घड्या घातलेल्या पांढऱ्या कापडावर एक मांजर झोपलं होतं.

मी त्यांना ते वाक्य परत वाचायला लावलं. मांजर होतंच. सारांनी ते ठेवून घेतलं होतं.

शिंपी टेप हातात धरून उभा राहिला तेव्हा सहकारी म्हणाले, "सर, अब थोड़ा ही बाकी है. पढ़ूँ?" पुढचे लाल दिवे विझले होते, मागचे हॉर्न वाजवू लागले होते.

"नको," मी मराठीतच म्हणालो आणि ब्रेकवरचा पाय काढला.