सक्करदऱ्याच्या साडूंचं सामायिक फोल्डर

वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमी एका घरात गुण्यागोविंदानं नांदू शकतात, यावर माझ्या थोरल्या साडूंइतकी श्रद्धा अख्ख्या नागपुरात कोणाची नसेल. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, हे लिनक्सच्या नादी लागले. सक्करदऱ्याच्या घरात खाली त्यांचं लिनक्स, स्वयंपाकघराशेजारी मेहुणीचं जुनं विंडोज आणि वरच्या मजल्यावर मुलाचं मॅक. तिघांत मिळून एक सामायिक फोल्डर; त्यात कोणीही काहीही ठेवावं, काढावं. पेनड्राइव्ह त्यांना घरात खपत नसे. मी एकदा लग्नाचे फोटो मागायला गेलो, तर माझा लॅपटॉप त्यांच्या नेटवर्कात घेण्यातच संध्याकाळ गेली. चहावर चहा झाले. "दिसून तर राहिलं गा," स्क्रीनला नाक लावून ते म्हणत, "पण आत नाही येऊ देऊन राहिलं!" शेवटी फोटो आले, फक्त मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन उमटले. तरी साडूंचा चेहरा मुलीची सोयरीक जमल्यासारखा.

सगळ्यांना सगळी परवानगी हे त्यांचं तत्त्व, आणि तेच नडलं. त्यांना साफसफाईची भारी हौस. एका रविवारी त्यांनी सारख्या नावांच्या फायली जास्तीच्या समजून उडवल्या. त्यात मुलानं आठवडाभर खपून केलेलं ऑफिसचं काम गेलं.

"बाबा, माझ्या फायलीले हात काहून लावला?" एवढंच तो बोलला आणि वर जाऊन त्यानं शेअरिंग बंद केलं. त्या दिवसापासून बोलणंही बंद. मी साडूंना म्हटलं, "चुकलं म्हणून टाका ना." ते म्हणाले, "म्हणतो ना. आधी त्यानं फोल्डर तर उघडावं!" मला दोघांचाही राग येई, आणि वाईटही वाटे. पुढं मुलानं पुण्याला बदली मागून घेतली. निघताना तो आईच्या पाया पडला, वडिलांच्याही पडला, पण बोलला नाही.

परवा साडूंकडे नवा राउटर बसवायला माणूस आला, तेव्हा मी तिथंच होतो. साडूंनी त्याला वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवायला लावला. "काका, हा तर एकदम कमजोर आहे, बदलून टाकू ना," तो म्हणाला. साडू हटेनात. तो गेल्यावर मी विचारलं, "भाऊ, एवढं सगळं समजते तुम्हाला, मग जुनाच काहून?"

साडू राउटरची वायर उगाच नीट करू लागले.

"बदलला तर पोरगा येईन तेव्हा त्याले मागावं लागन," ते म्हणाले. "अन् तो काही मागणार नाही गा."