सावळ्या गालांचं ब्लश

उज्जैनच्या फ्रीगंज भागात एका कापडाच्या दुकानाच्या वर स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. बाहेरच्या कंपन्या देशात यायला लागल्या होत्या, आणि इंग्रजी बोलता आलं नाही तर आपलं काही खरं नाही, असं अख्ख्या गावानं मनावर घेतलं होतं. मीही नाव घातलं. पण खरं सांगते, पहिल्या आठवड्यानंतर मी इंग्रजीसाठी जातच नव्हते. मागच्या बाकावर माधव नगरचा एक मुलगा बसायचा, आमच्यासारखाच मराठी घरातला. तो मला आवडायचा. भयंकर आवडायचा. आणि मी त्याच्याशी रोज भांडायचे. खिडकी का उघडली, माझी जागा का अडवली, इतकं हळू का बोलता, काहीही चालायचं.

मग त्याला पुण्यात नोकरी लागली. उद्या निघणार, हे मला क्लासात गेल्यावर कळलं. हा असाच निघून जाणार, आणि याच्या लक्षात काय राहणार, तर एक भांडकुदळ मुलगी.

नेमका त्याच दिवशी सरांनी फळ्यावर शब्द लिहिला, ब्लश. "मतलब, शर्म से गाल लाल हो जाना," ते म्हणाले, आणि उदाहरण म्हणून पुढच्या बाकावरच्या गोऱ्यापान मुलीला उभं केलं. ती बिचारी खरोखरच लाल झाली. सगळे खो खो हसले.

माझं डोकं फिरलं. मी पडले सावळी. "सर, तो हम साँवले लोग शरमाते नहीं क्या?"

सर जरा गडबडले. "शरमाते होंगे, पर पता कैसे चलेगा?"

तेवढ्यात मागच्या बाकावरून तो उठला. एरवी तोंडातून शब्द फुटायची मारामार. "पता चलता है, सर," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. "व्हेन शी ब्लशेस, शी फाइट्स."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं, अगदी खिडकीचंसुद्धा. माझी कानशिलं तापली. इतका आनंद झाला, की तिथे बसवेना. मी तडक जिना उतरले. तो मागोमाग आला.

"हे आज सुचलं का तुम्हाला?" मी खेकसले. "उद्याची गाडी, आणि आज?"

तो चक्क हसत होता. "संध्याकाळी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

"संध्याकाळी बाबा आरतीला राम घाटावर जातात," मी म्हणाले. "आत्ताच या."