तीन पहारेकरी आणि सरोजाबाई

कुंभकोणम्‌च्या भांड्यांच्या गल्लीत कुणालाही विचारा, टाइपिंगच्या टीचरम्मा कुठे राहतात म्हणून. हातातलं काम टाकून घर दाखवायला येतील. सरोजाबाईंनी एकतीस वर्षं एका पितळेच्या दुकानाच्या माडीवर टाइपिंगचा वर्ग चालवला. आजही गावातल्या कचेरीत कुणी खाली न बघता सपासप टाइप करताना दिसलं, तर खुशाल समजावं की बाईंच्या हाताखालून गेलेलं माणूस आहे. बाई दिसायला एवढ्याशा, पण नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत.

मशिनी भंगारात गेल्या, वर्ग बंद पडला, आणि आता बाई जपमाळ ओढत बसतील असं ज्यांना वाटलं त्यांनी बाईंना ओळखलंच नव्हतं. त्यांनी चार वर्षांपूर्वी घरच्या कम्प्यूटरवर दुसरा वर्ग सुरू केला. मराठे राजांच्या काळात इकडे येऊन राहिलेल्या आपल्या घरांतली पोरं आता चेन्नई, बंगळूर, कोइमतूर, थेट अमेरिकेपर्यंत पांगलेली. घरात इंग्रजी, बाहेर तमिळ, आणि आजीनं मराठीत काही विचारलं की नुसती मान डोलवायची. अशा अठरा पोरांना सरोजाबाई दर रविवारी पाच वाजता घरची भाषा शिकवत. नात्यांची नावं, स्वयंपाकघरातले शब्द, सणांची गाणी. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळी दाखवायच्या आणि एकेकाकडून म्हणवून घ्यायच्या. एकदा पुण्याहून आलेली एक पाहुणी त्यांचं बोलणं ऐकून, किती जुनं हो तुमचं मराठी, असं म्हणत हसली होती. जुनं आहे आणि अजून धड आहे, असं बाईंनी तिला ऐकवलं.

आता या वर्गावरच गदा आली, ती गोष्ट सांगायची आहे.

त्या रविवारी बाई पोळीच्या तयारीचे शब्द शिकवत होत्या. परात, पीठ, लाटणं, सगळं पडद्यावर मांडलेलं. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात एक चौकोन टपकन वर आला. पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात. बाईंनी ती मिटवली, तर तिच्या जागी दुसरी. हिच्यात एक बाई होती, आणि तिच्या अंगावर जेमतेम सांगण्यापुरते कपडे होते. अठरा घरांतली पोरं, त्यांच्यामागे बसलेले आईबाप, सगळ्यांनी ते पाहिलं. कीर्ती म्हणून बंगळूरची एक आई होती, तिनं आपल्या मुलीच्या डोळ्यांवर हात ठेवला. सरोजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी वर्ग तिथंच थांबवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चेन्नईहून कृष्णस्वामीरावांचा फोन आला. हे आपल्या लोकांच्या मंडळाचे चिटणीस, माणूस सभ्य, आवाज मऊ. म्हणाले, सरोजाबाई, तुम्ही फार केलंत, आता विश्रांती घ्या. आमची भाची दिव्यश्री कम्प्यूटर कंपनीतच कामाला आहे, ती वर्ग सांभाळील, तुम्ही सणासुदीला पाहुण्या म्हणून येत जा. आईबापांपैकी काहींनी बोलून दाखवलं म्हणे, की या वयात त्यांना हे यंत्र झेपत नसेल.

या वयात! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईबापांची भीती खोटी नव्हती, ते त्यांना कळत होतं, आणि म्हणूनच राग जास्त आला. चार वर्षांत पोरं "अज्जी, मज भूक लागली" असं आपणहून बोलायला लागली होती, आणि आता हारतुरे घालून त्यांनाच बाजूला बसवायचं चाललं होतं.

"मज एक रविवार द्या," त्या म्हणाल्या. "वर्ग मींच घेईन. तुम्हीं बसा, दिव्यश्रीलाही बसवा. कोपऱ्यांत कांहीं एक दिसलें, तर वर्ग तिचा. मीं परत नांव काढणार नाहीं."

कृष्णस्वामीराव हो म्हणाले. म्हणजे हातात सहा दिवस.

यजमान गुरुमूर्तिराव शेजारी उभे राहून सगळं ऐकत होते. बस डेपोत टाइमकीपर म्हणून जन्म काढलेला माणूस. आता त्यांचा उद्योग एकच: गावोगावहून येणाऱ्या नातेवाइकांना एका दिवसात नवग्रहांच्या नऊच्या नऊ देवळांचं दर्शन घडवून आणायचं. पहाटे साडेपाचला गाडी, कुठं किती मिनिटं, कुठलं देऊळ दुपारी कितीला बंद होतं, सगळं तोंडपाठ. त्यांनी सुचवलं की पडद्यावर एक पाटी येते, तुमच्या यंत्रात तेराशे विषाणू आहेत आणि या नंबरावर फोन करा, तर आपण तो करून पाहू. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते फोन खाली ठेवून कॉफी टाकायला गेले. आपल्या घरातले विषाणू परक्याला बाहेरून कसे मोजता येतात, एवढं तरी विचारावं की नाही माणसानं?

मग बाई बालाच्या दुकानात गेल्या. बाला तिशीतला, कम्प्यूटर दुरुस्त करणारा. त्याची आई कामाक्षी बाईंकडेच टाइपिंग शिकलेली. त्यानं आदरानं खुर्ची दिली आणि सांगितलं की टीचरम्मा, सगळं पुसून नव्यानं भरू, पण माझ्याकडे रांग आहे, पुढच्या मंगळवारी मिळेल. पुसायचं म्हणजे नेमकं काय बिघडलंय ते न बघताच का, असं बाईंनी विचारलं. तो हसून म्हणाला, बघत बसायला वेळ कुणाला आहे. बाईंना वेळ होता. त्या रिक्षा करून घरी आल्या, चार वर्षांचे सगळे धडे आधी एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, वही उघडली आणि पदर खोचून बसल्या.

त्यांची रीत साधी. टाइप केलेला कागद तपासायचा तर वरून खाली, ओळ न ओळ. कम्प्यूटरमध्ये जेवढे प्रोग्राम होते त्यांची यादी त्यांनी काढली आणि कुठला कधी आला त्या तारखेनं लावली. वरचे सात एकाच दिवशीचे निघाले. बाईंनी भिंतीवरचं पंचांग पाहिलं. एकादशी! घरी चूल नाही, दोघांचा उपास, बाई दुपारभर मठात प्रवचनाला गेलेल्या, आणि पोटात अन्न नाही म्हणून वेळ न जाणारं एकच माणूस घरात होतं.

"अहो," बाईंनी हाक मारली.

गुरुमूर्तिराव आले आणि त्यांनी फारसं न ताणता सगळं कबूल केलं. यंत्र हळू चालतं अशी बाईंची कुरकुर होती. त्यांना वाटलं, आपणच बंदोबस्त करून बायकोला चकित करावं. फुकटचा एक अँटिव्हायरस घेतला. मग मनात आलं, एकावर कसं भागेल? आणखी दोन घेतले.

"शनीला गेलें म्हणून राहूला सोडून चालतें का?" ते म्हणाले. "एकेकाचें एकेक काम असतें."

घ्या! माणसानं नवग्रहांचा कायदा कम्प्यूटरला लावला होता. तिन्ही पहारेकरी एकाच दारात उभे, आणि प्रत्येकजण दुसऱ्यालाच चोर समजून त्याची झडती घेतोय. कम्प्यूटरचा जीव त्यांच्या भांडणातच जायचा. वर त्या फुकट गोष्टी उतरवताना प्रत्येक पाटीवर 'पुढे, पुढे' असं दाबत गेल्यामुळे चार बिनबोलावलेले पाहुणे सोबत शिरले होते: एक कूपनांचा, एक वेग वाढवतो म्हणणारा, एक शोधायचं पान बदलून टाकणारा, आणि चौथा काय करतो ते खुद्द त्यालाही सांगता आलं नसतं.

बाईंनी यजमानांना जे काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. तीन टीचर एका वर्गात बसवल्या तर पोरं काय शिकतील, हा त्यातला सौम्य भाग होता. पण हात चालू होते. चार पाहुणे एकेक करून काढले. मग अँटिव्हायरस, एक काढायचा, यंत्र बंद करून सुरू करायचं, मग दुसरा. तिसरा काही केल्या निघेना, तेव्हा ज्यांनी तो बनवला त्यांच्याच पानावरून तो काढायचं साधन आणलं आणि त्याची बोळवण केली. ब्राउझरमध्ये चिकटलेली सोंगं उपटली, शोधायचं पान जागेवर आणलं.

आता ठेवायचा कुठला? बाईंनी वहीत चार प्रश्न लिहिले. बनवणारा कोण? रोज ताजा होतो का? नको असला तर निमूट जातो का? आणि घाबरवून काही विकायला बघतो का? दोन दिवस त्या वाचत होत्या. अँटिव्हायरसांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्था असतात, त्यांचे निकाल त्यांनी पूर्वी टाइपिंगच्या परीक्षेचे बघायच्या तसे बारकाईनं पाहिले. शेवटी कळलं की विंडोजचा स्वतःचा पहारेकरी घरातच होता. तीन परके आले तेव्हा तो बिचारा आपणहून बाजूला झाला होता, आणि ते जाताच पुन्हा कामावर हजर. आपल्या घराला तोच पुरे, असं बाईंनी ठरवलं. त्याच्याकडून सगळं यंत्र तपासून घेतलं. दोन बारीकसारीक गोष्टी सापडल्या, त्या काढल्या. गुरुवारी संध्याकाळी कम्प्यूटर असा पळायला लागला की बाईंनी यजमानांना मुद्दाम बोलावून दाखवला.

आणि शुक्रवारी सकाळी, कोपऱ्यात, टपकन, पत्त्यांचा जुगार.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मधे दोनच दिवस. बालाकडे जावं तर मंगळवार. दिव्यश्री पोरांना नीट शिकवील, तिचा गळाही गोड आहे, असं स्वतःला समजावून पाहिलं, मन समजेना. मग त्यांनी पुन्हा वही ओढली. प्रोग्राम पाहिले, ब्राउझरची सोंगं पाहिली; काय पाहायचं राहिलं? या चौकोनाच्या खाली बारीक अक्षरांत एका पानाचं नाव असतं, ते त्यांनी आजवर वाचलंच नव्हतं. आता चष्मा पुसून वाचलं. नाव ओळखीचं होतं.

ब्राउझरमध्ये एक यादी असते: कुठल्या पानांना आपण निरोप, म्हणजे नोटिफिकेशन, पाठवायची परवानगी दिली. बाईंनी ती उघडली. चौदा नावं. त्यात पंचांगाचं एक पान, गाण्यांच्या ओळी मिळतात ती तीन, रांगोळ्यांचं एक. यांतलं एकही गुरुमूर्तिरावांनी उघडलेलं नव्हतं. धडे तयार करताना बाई स्वतः तिथं गेल्या होत्या. प्रत्येक पानानं दारातच विचारलं होतं, निरोप पाठवू का? आणि बाईंनी प्रत्येकाला हो म्हटलं होतं. त्या इन्नंबूर गावच्या. माहेरी दारात कुणी "येऊं का" म्हणून विचारलं की "यावें" म्हणायचं. उंबऱ्यावर नाही हा शब्द काढायचाच नाही, असं वळण. साठ वर्षांचं वळण बोटात उतरलेलं होतं. त्या पानांनी मग जुगारवाल्यांचे आणि कुणाकुणाचे निरोप आणून टाकले.

म्हणजे वर्गात दिसली ती घाण बाईंनीच घरात घेतली होती. यजमानांनी यंत्र मंद केलं, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि चार दिवस बोलणी मात्र त्यांनी खाल्ली होती.

बाईंना लाज वाटली, मनापासून वाटली. त्यांनी चौदा नावं एकेक करून काढली, पुढं कुणी विचारूच नये अशी कडी घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन यजमानांना म्हणाल्या, चूक माझी होती, तुम्हाला उगीच बोलले. गुरुमूर्तिराव भाजी चिरत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "सगळें बोलणें परत घेतेस, की थोडें ठेवतेस?" थोडं ठेवते, असं बाईंनी सांगितलं.

रविवारी पाच वाजता अठरा पोरं आली, आईबाप आले. कृष्णस्वामीराव आले, दिव्यश्रीही आली. बाईंनी नुसतं धड्याचं पान न दाखवता सबंध पडदा उघडा टाकला, चारही कोपऱ्यांसकट, आणि तासभर तसाच ठेवला. परातीपासून धरून पोळी तव्यावरून उतरेपर्यंत सगळे शब्द झाले. कोपरे गप्प राहिले. कीर्तीची मुलगी "लाटणें" म्हणताना अडखळली आणि बाईंनी तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

तास संपल्यावर त्या आईबापांकडे वळल्या. गेल्या रविवारी जे दिसलं ते कसं आलं, ते त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. यजमानांचं नाव काढलं नाही. परवानगी मीच दिली होती, म्हणाल्या, आणि ती यादी पडद्यावर उघडून कुठं असते ते सगळ्यांना दाखवलं. चार-पाच घरांत आईबाप लगेच आपापली यादी उघडायला लागले, आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले.

कृष्णस्वामीराव म्हणाले, "सरोजाबाई, कोपरा स्वच्छ होता, तेवढें पुरें होतें. चूक कोणाची तें कोणीं विचारलें नव्हतें."

"पोरांना मीं शिकवतें," बाई म्हणाल्या. "त्यांच्या देखत झालें, त्यांच्या देखत सांगितलें."

मग दिव्यश्री म्हणाली, की मी हेच काम करते, पण मी सगळं पुसून मोकळी झाले असते, एवढं शोधत बसले नसते. आणि मामा, हा वर्ग मला देऊ नका, मला त्यात पोरांबरोबर बसू द्या. मला तरी कुठं धड मराठी येतं.

"बैस," बाई म्हणाल्या. "पण पाचाच्या आधीं."

कम्प्यूटर बंद केल्यावर बाईंना एकदम भरून आलं. अभिमान वाटला, भरपूर वाटला, आणि या वयात तो लपवायचं कारण त्यांना दिसलं नाही. त्या ताठ बसून राहिल्या. आतल्या खोलीत गुरुमूर्तिराव तासभर पंखासुद्धा न लावता, आवाज नको म्हणून, घामानं निथळत बसले होते. ते बाहेर आले. काय ठरलं, त्यांनी विचारलं.

"वर्ग माझा," बाई म्हणाल्या.

गुरुमूर्तिरावांनी पंखा लावला, खुर्ची ओढली आणि तिच्यात टेकले.

"तो दुसऱ्या कोणाचा होता कधीं?" ते म्हणाले.