नहरीच्या तारेवरची राजकन्या

खेळात पात्रं वाटून घ्यायची वेळ आली तेव्हा चारुशीलेला घोड्यावरून निरोप पोचवणारा हरकारा व्हायचं होतं. ते राहिलं आणि ती राजकन्या झाली. एवढ्यात तिच्या स्वभावाचं निम्मं वर्णन झालं खरं, पण खेळ कसला आणि खेळणारे कोण, हे आधी सांगायला हवं.

नागपुरात नहरीचं, म्हणजे कालव्याचं, एक छोटं ऑफिस होतं. तिथल्या फोनच्या बोर्डावर चारुशीला बसे. सक्करदऱ्याहून पायी येई, पायी जाई. तिच्या बोर्डापासून एक तार निघे ती कुही, भिवापूर करत थेट नहरीच्या शेवटच्या गेटापर्यंत. वाटेत त्या गेटासकट चार चौक्या, चौकीत एकेक चौकीदार आणि भिंतीवर एकेक फोन. तार एकच, त्यामुळे एकानं फोन उचलला की बाकीच्यांनाही सगळं ऐकू येई. नहरीला पाणी सुटलं की मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार सगळ्यांनी तारेवर थांबायचं, दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी सांगायची आणि चारुशीलेनं ती लिहून घ्यायची, असा नियम होता. पातळी सांगायला अर्धं मिनिटही लागत नसे. उरलेल्या वेळाचं काय करायचं, हे साहेबांच्या नियमात नव्हतं.

ते चौकीदारांनी आपलं आपणच ठरवलं. त्यांनी तारेवर एक राज्य मांडलं. ज्यानं त्यानं एक पात्र घ्यायचं, त्या पात्राच्या तोंडानं बोलायचं, बाकीच्यांनी जबाब द्यायचा आणि गोष्ट जाईल तिकडे जाऊ द्यायची. नियम दोनच. घेतलेलं पात्र बदलायचं नाही. आणि दुसऱ्याच्या पात्राच्या मनात काय आहे ते आपण सांगायचं नाही, त्याला विचारायचं.

माणूस पात्र कोणतं उचलतो ते पाहण्यासारखं असतं. चंद्रभान साहेबासमोर उभा राहिला की त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. तो राजा झाला आणि ऐकणाऱ्यांचे कान किटेपर्यंत हुकूम सोडू लागला. आनंदरावाला रोज नवीन दुखणं, तो राजवैद्य झाला. कुहीजवळच्या चौकीतला भैय्याजी सेनापती. हा एक नंबरचा लबाड. लढाईत दोनदा मेला आणि दोन्ही वेळा पुढच्या मंगळवारी, "मेला तो माहा जुळा भाऊ होता," म्हणून जिवंत हजर. आणि शेवटच्या गेटावरचा नत्थू, जो चौकीत शिरलेला विंचूसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडे, तो जल्लाद झाला. किल्ल्यांचा जुडगाही त्याच्याकडेच. "तू काहून जल्लाद?" म्हणून विचारलं तर म्हणाला, "कोणाले तरी व्हाच लागते ना गा. दुसरा झाला तर तो खरंच मुंडकी उडवीन."

चारुशीला शेवटी आली. आधी ती नुसती ऐकत असे. मग एका दुपारी तिला हसू आवरलं नाही आणि ती पकडली गेली.

"ताई, तुमीबी घ्या एखादं पात्र," चंद्रभान म्हणाला.

तिनं हरकारा म्हणायला तोंड उघडलं. आज या गावी मुक्काम, उद्या त्या गावी, घोडा आपला आणि रस्ताही आपला. पण भैय्याजीला दम कुठला! "विचारून काय राहिला तिले? बाईमाणूस हाय. राजकन्या." आणि पुढच्याच वाक्यात त्यानं राजकन्येला पळवून नेऊन डोंगरावरच्या बुरुजात कोंडलंसुद्धा. सेनापतीला सोडवायला कोणीतरी हवंच होतं. चारुशीलेला वाटलं, शुक्रवारपर्यंत सोडवतील.

तीन वर्षं झाली, राजकन्या बुरुजातच. सेनापती तिला सोडवायला निघे आणि वाटेत दुसरीच लढाई काढून बसे. 'राजकन्या रडून राहिली', 'राजकन्या वाट पाहून राहिली' असं कोणीही येताजाता बोलून टाकी. तिला विचारायचा नियम आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसे. आणि तीही मूग गिळून बसे. तिचा राग यावा तो इथे. एक शब्द बोलली असती तर ती माणसं काही तिला खाणार नव्हती. पण गप्प बसायची ही सवय तिला खेळानं लावलेली नव्हती, ती घरूनच घेऊन आली होती.

घर सक्करदऱ्याला, थोरल्या भावाचं. भाऊ मनोहरराव मिलमध्ये, भावजय सिंधू, त्यांची तीन पोरं आणि आई भागीरथाबाई. छप्पन साली दीक्षा घेऊन परत येताना बापानं भर रस्त्यात जाहीर केलं होतं, "माही पोरगी मॅट्रिक होईन." झाली. नोकरी लागली त्याच वर्षी बाप गेला. त्यानंतर तीन स्थळं आली, तिन्ही भावाच्या मनास आली नाहीत, आणि चौथं आलंच नाही. मग मोतीबिंदूनं आईची नजर जवळजवळ गेली. आईची वेणी, आईचं ताट, आईला हात धरून न्हाणीपर्यंत नेणं, सगळं चारुशीलेकडे आलं. भावजय वाईट नव्हती, तिला तिचीच कामं पुरून उरत. कोणी लग्नाबिग्नाचं विचारलं की चारुशीला म्हणे, "आईले सोडून मी कोठी जाऊ?" अकरा वर्षं ती हे म्हणत होती, आणि ते खरं आहे का, हे पाहायचं राहूनच गेलं होतं.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत एका मंगळवारी साहेबांनी तिला आत बोलावलं. भिवापूरला नवीन ऑफिस निघत होतं, नवीन बोर्ड येणार होता. "तुमचं नाव सुचवलंय," साहेब म्हणाले. "दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. शुक्रवारी चारपर्यंत हो की नाही ते लिहून द्या. नाही म्हणालात तर वर्ध्याच्या माणसाचं नाव जाईल."

चारुशीला त्या दिवशी घरी गेली ती रस्ता कसा संपला ते न कळता. दोन खोल्या! दाराला आपलं कुलूप, आपली किल्ली. बाजाराच्या दिवशी लालभडक मिरच्यांच्या ढिगांमधून शिंकत शिंकत चाललेली ती स्वतःला दिसायला लागली. तिला जायचं होतं. पोटातून जायचं होतं, इतकं की भीती वाटत होती. जेवताना तिनं भावाला सांगितलं. तो रागावला नाही, ओरडला नाही. घास हातात धरून एवढंच म्हणाला, "तू गेली तर आईले कोण पाहीन वं?" आई आतल्या खोलीत झोपली होती. तिच्यापर्यंत ही गोष्ट गेलीच नाही. आधीच नजर गेलेली म्हातारी, तिच्या जिवाला आणखी घोर कशाला, असं चारुशीलेनं ठरवलं.

पण साहेबांचा भिवापूरशी फोन त्याच तारेवरून झाला होता, आणि नत्थूनं त्या वेळी नेमका फोन उचललेला होता. शुक्रवार उजाडेपर्यंत चारही चौक्यांना बातमी लागली होती. माणसं मनानं चांगली. ताईला 'जा' असं तोंडावर कसं सांगावं, ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी ते खेळात सांगायचं ठरवलं.

दोनची पातळी झाली आणि राजानं हुकूम सोडला. नेहमीसारखा लांबण लावलेला नाही, एका ओळीचा. "राजकन्येले आज सोडा."

"शत्रू पळाला. रस्ता मोकळा हाय," भैय्याजी म्हणाला. तीन वर्षांत न सुटलेला वेढा त्यानं अर्ध्या वाक्यात सोडवला.

मग नत्थू बोलला. "मी वर आलो, राजकन्याबाई. किल्ली लावली. दार उघडं हाय. निघा आता."

हे सगळं कशाबद्दल चाललंय ते चारुशीलेला लगेच समजलं. चौघं जण फोन कानाला लावून तिच्या पावलाची वाट पाहत होते.

"मी नाही येऊ शकत," ती म्हणाली.

"काहून?"

"इथं एक म्हातारी हाय. आंधळी. तिले सोडून मी कशी येऊ?"

मग भैय्याजी उसळला, "म्हातारी? तीन वर्षं झाली, बुरुजात म्हातारी कधीच नव्हती! कोठून आणली?"

"पहिल्या दिवसापासून हाय," चारुशीला म्हणाली. तिचा आवाज चढला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. "तुमी कोणी विचारलंच नाही. मी रडून राहिली, मी वाट पाहून राहिली, सारं तुमीच सांगत होते. माह्यासंगं कोण हाय, हे कोणी विचारलं?"

चंद्रभान पुटपुटला, "चुकलं, ताई." आनंदरावानं म्हातारीच्या डोळ्यांत घालायला औषध काढलं. नत्थूनं मात्र विचार केला आणि म्हणाला, "मंग मी म्हातारीले पाठीवर घेतो. तुमी पुढं व्हा."

"ती नाही येणार. लेकाचं घर सोडून ती कोठी जात नसते."

"लेक कोण?" भैय्याजीनं विचारलं, पण नत्थूनं त्याला गप्प केलं.

"म्हातारीले विचारलं का तुमी, बाई?" नत्थू म्हणाला.

"विचाराले काय पाहिजे? मले ठाऊक हाय."

साडेतीनची पातळी झाली. चारला दहा मिनिटं असताना चारुशीलेनं कागद घेतला, 'घरगुती अडचणीमुळे स्वीकारता येत नाही' असं लिहिलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून आली. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं होतं.

घरी गेली तेव्हा ऊन अंगणातून निघालं नव्हतं. आई ओट्यावर बसली होती. चारुशीला तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे बसली, केस सोडले आणि बोलता बोलता सगळं सांगून टाकलं. आपण केवढा त्याग केला, हेही आडून आडून सांगितलं. माणूस आहे, वाटतंच तसं.

भागीरथाबाईनं मागे हात नेऊन लेकीचं मनगट धरलं.

"माहं नाव सांगून नाही म्हटलं का तू?"

"मंग काय करू? तुले कोण पाहीन?"

"रुखमी पाहीन," आई म्हणाली. रुखमाबाई म्हणजे तिची धाकटी बहीण, कुहीला माहेरच्या घरात एकटीच राहणारी. "अकरा वर्षं झाली, बोलवून राहिली मले. दोघी बहिणी सोबतीनं राहू म्हणते. माहं मन तिथंच हाय वं. इथं मले घराचे कोपरेबी सापडत नाही. तिथलं आंगण मले पायानं ठाऊक हाय, लहानपणचं."

"मंग गेली काहून नाही तू?"

"तुह्यापायी! लग्न न झालेली पोरगी भावजयीच्या घरी एकटी टाकून जाऊ का मी? म्हटलं, पोरगी कोठी तरी लागू दे, मंग आपण निघू." तिनं लेकीचं मनगट हलवलं. "मले विचारलं काहून नाही वं तू?"

चारुशीलेच्या हातातली वाटी तशीच राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आईचा नव्हता, भावाचाही नव्हता. अकरा वर्षं दोघी एकमेकींसाठी थांबल्या होत्या, एका खाटेवर अंग चोरून झोपत होत्या आणि एकीनंही दुसरीला एकदा विचारलं नव्हतं.

शनिवारी ती ऑफिस उघडायच्या आधी दारात उभी होती. साहेब चांगला माणूस, त्यांना वाईट वाटलं. पण वर्ध्याच्या माणसाचं नाव आदल्या संध्याकाळीच गेलं होतं.

भागीरथाबाईनं ते ऐकलं आणि रविवारी रुखमाबाईला बोलावणं धाडलं. चारुशीला म्हणाली, "आता काहून जाते? आता तर मी इथंच हाय."

"म्हणूनच जातो," आई म्हणाली. "मी इथं असली तर पुढच्या वेळीबी तू माहंच नाव सांगशीन."

सोमवारी सकाळच्या बसनं ती न्यायला आलेल्या बहिणीबरोबर गेली. मनोहररावानं थोडी चिडचिड केली, मग स्वतःच बोचकं उचलून बसपर्यंत आला. घरी खाटेची आईची बाजू रिकामी होती. त्या घरात चारुशीलेला अडवणारं आता कोणी नव्हतं, आणि तिला बोलावणारी जागाही कुठं उरली नव्हती.

मंगळवारी दोनची पातळी झाली. कोणी गोष्ट सुरू करेना. शेवटी नत्थूनंच विचारलं, "राजकन्याबाई, म्हातारी कशी हाय?"

"गेली."

"अरे बाप्पा! वारली?"

"नाही गा. आपल्या पायानं चालत गेली. तिले कधीचंच जायचं होतं."

"बरं झालं मंग." नत्थूच्या आवाजात खरोखर आनंद होता. "दार मी लावलंच नव्हतं. अन् तुमी? तुमी काहून नाही निघाल्या?"

चारुशीलेनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आता म्हातारीचं नाव सांगायची सोय नव्हती. तिला रडू फुटलं. मोठ्यानं, पोरीसारखं. फोन खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. कुहीपासून शेवटच्या गेटापर्यंत चारही चौक्यांत माणसं फोन कानाला लावून तशीच बसून राहिली.