आई पायरीवर टेकली तेव्हा

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले आणि मी अजून उभाच आहे.

आज आईला घेऊन अकोल्याहून एका दिवसाच्या सहलीला गेलो होतो. पातूरची लेणी, डोंगरावरची देवी आणि शेवटी एक पडकं शिवमंदिर. गाइड प्रत्येक ठिकाणी घड्याळ दाखवायचा. त्याच्याही आधी मीच म्हणायचो, "चाल माय, गाडी सुटते."

दर्शन झालं की देवळाच्या पायरीवर घडीभर टेकायचं, ही आमच्याकडची रीत. दिवसभर आईला ते जमलं नाही. त्या पडक्या मंदिरात मात्र ती बसली.

मी म्हटलं, "इथं तं पिंडही नाही. काहून बसून राहिली?"

"देव नसन, पायरी तं हाय ना. सकाळपासून कुठं टेकलीच नाही मी."

तरी मी हात धरून तिला उठवलं. खाली आलो तर गाइड आणि ड्रायव्हर चहा पीत होते. त्यानंतर वीस मिनिटं गाडी हललीच नाही.

तुम्हीच सांगा, घाई गाइडला होती की मला?

आत्ता माझ्या येरझाऱ्या पाहून आई म्हणाली, "बस ना आता. कोणती गाडी सुटून राहिली?"