डेल्फाचा जाड पट्टा

आमच्या ओक्लाहोमातल्या गावात डेल्फा रिग्ज्बी गुरांच्या डॉक्टरकडे कामाला होती. तिला मारहाण करणारा नवरा रॉय तुरुंगातून सुटणार, असं कळलं तेव्हा ती माझ्या चामड्याच्या दुकानात आली. तिला कपड्यांखाली पिस्तूल बाळगायचं होतं.

"मऊ पट्टा नको गं," मी म्हटलं. "वजनानं लोंबतो. मग सारखा हात तिकडे जातो आणि लोकांना कळतं. हा जाड घे. पिस्तूल ठेवायचं होल्स्टर पँटच्या आत, त्याचा घोडा पूर्ण झाकणारं. वर सैल शर्ट."

"म्हणजे माझे झगे गेले म्हणायचे!"

"आधी जीव सांभाळ बाई."

नऊ वर्षं ती तशीच वावरली. लेकीच्या लग्नातही सैल कोट घालून भिंतीला पाठ लावून उभी होती. लेकीनं कमरेला धरून नाचायला ओढलं, तर हिनं सगळ्यांदेखत तिला ढकललं. लेक तेव्हापासून बोलत नाही.

परवा ती पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यायला आली. फार वाळली होती.

"रॉय मेला रे, आर्लन," ती म्हणाली. "सुटला त्याच वर्षी, टेक्सासात. मला कुणी कळवलंच नाही."

"मग आता हे कशाला?"

"काढून बघितलं. दाराबाहेर पाऊलच पडेना."

मी भोक पाडून दिलं.