न वाकणारं चिलखत

शाळेच्या कार्यक्रमात मुलीला मावळा होऊन मुजरा करायचा होता. घरातला पहिला पदवीधर म्हणून चिलखत मीच करणार, असं मी जाहीर केलं. आठवडाभर व्हिडिओ पाहिले, फोम आणि पत्रा नाकारला, मग पुठ्ठ्याचे सहा थर चिकटवून चंदेरी रंग दिला. चिलखत इतकं मजबूत झालं की मुलीला त्यात वाकताच येईना. व्हिडिओत कुणी वाकून दाखवलं नव्हतं.

चपला शिवण्यात जन्म गेलेले वडील म्हणाले, "चिलखत हाय व्हय हे? पाण्याचं पिंप हाय की!" त्यांनी त्याच चंदेरी पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि चामड्याच्या वादीने सैलसर ओवल्या.

मुलीने कमरेत वाकून झकास मुजरा केला. बाईंनी विचारलं, "कुणी केलं हो?"

मी वडिलांकडे बोट दाखवलं.

"रंग त्येचाच हाय की," वडील म्हणाले. "ग्रॅज्युएट हाय त्यो."